केरीचे जिवबादादा बक्षी

हरमलहून उत्तरेकडे गेले की केरी गाव लागते. त्याच्या पलीकडे तेरेखोलची खाडी. या केरीचे केरकर म्हणजेच जिवबादादा महादजी शिंद्यांच्या फौजेचे बक्षी झाले, हे आमच्या पेडण्यात सांगितले जाते. पण बक्षी म्हणजे काय, हे फारसे कोणी विचारीत नाही. २०२१ च्या ऑगस्टमध्ये परक्यांनी शिकवून सज्ज केलेली अफगाण फौज बंडखोरांपुढे काही दिवसांत विरघळली. तिच्या हजेरीपटावर प्रत्यक्षात नसलेल्या शिपायांची नावे होती, हे वाचले आणि मला जिवबादादा आठवले.

जिवाजी बल्लाळ हे त्यांचे नाव. हजेरी, पगार आणि प्रसंगी सेनापतित्व, हे सारे बक्षीचे काम. यातील पगाराचे महत्त्व महादजींना फार महागात कळले. १७८७ मध्ये लालसोटच्या मोहिमेत पगार थकलेल्या हिंदुस्थानी पलटणी तोफांसह शत्रूला जाऊन मिळाल्या. त्या कवायतीत कमी नव्हत्या. पुढे सॅव्हॉयच्या द बॉइनने शिंद्यांसाठी पलटणी वाढवल्या, तेव्हा नियमित पगाराचा आग्रह धरला आणि त्यासाठी दुआबातला मुलूख तोडून घेतला. १७९० साली पाटण व मेडता येथे या पलटणींनी राजपुतांना हरवले. त्या मोहिमांत बॉइनबरोबर जिवबादादांसारखे आपले सरदारही होते. कवायत परक्याची, हुकूम घरचा, असा तो मेळ होता.

१७९४ मध्ये महादजी वारले. पुढच्याच वर्षी, मार्च १७९५ मध्ये, खर्ड्यास शिंद्यांची फौज जिवबादादांच्या हाताखाली लढली; पेराँ हा फ्रेंच सरदार त्यांच्या हुकुमात होता. समोर निजामाच्या बाजूलाही रेमाँ या फ्रेंचाने शिकवलेल्या पलटणी होत्या, आणि त्या चांगल्या टिकून होत्या. पण निजाम स्वतःच घाबरून मागे सरला, रेमाँलाही माघारी बोलावले आणि रात्रीच्या गोंधळात सैन्याची दाणादाण उडाली. पलटणी हरल्या नाहीत, त्यांचा धनी हरला. मला तर खर्ड्याची हीच गोष्ट विजयाहून अधिक विचार करण्याजोगी वाटते.

१७९६ च्या आरंभी जिवबादादा वारले. बॉइन त्याच सुमारास मायदेशी निघाला. दौलतराव शिंदे पोरवयाचे, सल्लागार सर्जेराव घाटगे. महादजींच्या विधवांचा छळ झाला, त्यांनी बंड केले, आणि लखबादादा लाड यांच्यासारखे जुने शेणवी सरदार बायांच्या बाजूस गेले. नारायणराव बक्षींना क्रूरपणे मारले गेले. बाळोबातात्या पागनीस नगरच्या कैदेत वारले. जुन्या घरच्या माणसांना बंडखोर ठरवून त्यांच्यावर पेराँच्या पलटणी सोडण्यात आल्या. १८०१ मध्ये सोंढ्यास लखबादादांचा मोड झाला. शिंद्यांनी तेथे लढाई जिंकली खरी. पण दुआबातला वसूल आणि पलटणींची निष्ठा, दोन्ही आता एकट्या पेराँच्या मुठीत आली.

१८०३ मध्ये इंग्रजांशी युद्ध पेटले, आणि पेराँने सप्टेंबरच्या आरंभीच अंग काढून घेतले. कंपनीच्या जाहीरनाम्याने शिंद्यांचे इंग्रज अधिकारी फुटले. अलीगढच्या किल्ल्यात हल्लेखोरांना वाट दाखवणारा ल्यूकन पूर्वी शिंद्यांच्याच चाकरीत होता. शिपायांनी मात्र पाठ दाखवली नाही. २३ सप्टेंबरला असईत दौलतराव मैदान सोडून गेले, तरी गोलंदाज तोफांपाशीच मेले. १ नोव्हेंबरला लासवाडीस उरलेल्या पलटणी जवळजवळ युरोपीय अधिकाऱ्यांवाचून लढल्या, आणि लेकने त्यांच्या शौर्याची कबुली आपल्या खलित्यात दिली.