आपल्या तालुक्याचे आगरकर

टेंभू म्हटले की आता सगळ्यांना पाण्याची योजना आठवते. पण कऱ्हाडजवळच्या ह्याच टेंभू गावी १४ जुलै १८५६ रोजी थोर सुधारक गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म झाला. घरची परिस्थिती अत्यंत गरिबीची. शिक्षणासाठी ते कऱ्हाडला आजोळी राहिले. मामलेदार कचेरीत उमेदवारी केली, दवाखान्यात कंपाउंडरचे काम केले. पुढे शिकायचेच म्हणून रत्नागिरीला चक्क चालत गेले. तिथे सोय लागली नाही तेव्हा परत आले, आणि मग लांब अकोल्याला नातेवाइकांकडे गेले. तिथून १८७५ साली ते मॅट्रिक झाले. आपल्याला शाळा दोन किलोमीटर असली तरी पाय दुखतात!

पुण्याला डेक्कन कॉलेजात असताना त्यांच्याजवळ एकच सदरा होता. रात्री धुवायचा, वाळत टाकायचा आणि सकाळी तोच घालून कॉलेजात जायचे. ही गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. मोठी माणसं ती सांगतात ती आपण कपड्यांचा हट्ट करू नये म्हणून. मला त्यातलं दुसरंच आवडतं. सदरा एक होता, पण शिक्षण त्यांनी सोडलं नाही. त्यासाठी लेख लिहून पैसे मिळवले. कशावाचून चालतं आणि कशावाचून चालत नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं.

एम.ए.च्या वेळी त्यांनी आईला पत्र लिहिले. मुलगा आता मोठ्या पगाराची नोकरी धरील अशी आशा ठेवू नकोस, पोटापुरते मिळवून बाकी सगळा वेळ मी लोकांच्या कामासाठी देणार, असे त्यात कळवले होते. मला त्या आईचेही वाईट वाटते. तिनेही पोटाला चिमटा काढूनच दिवस काढले असणार.

पुढे ते टिळक-चिपळूणकरांच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवू लागले. १८८१ साली केसरी निघाला, त्याचे पहिले संपादक आगरकर. कोल्हापूरच्या खटल्यात १८८२ साली टिळक आणि ते डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस एकत्र होते. इतके जिवलग मित्र, पण पुढे त्यांचे पटेना. आधी स्वराज्य की आधी समाजातल्या वाईट चाली बंद करायच्या, हा वाद होता. १८८७ मध्ये आगरकरांनी केसरी सोडला आणि १८८८ मध्ये स्वतःचे सुधारक पत्र काढले.

त्यात ते प्रत्येक रूढीला एकच प्रश्न विचारत. ही कशासाठी? सोवळ्याचेच बघा. रोज धुतलेल्या सुती धोतराला कुणी शिवले की ते ओवळे, आणि कितीतरी दिवस पाणी न लागलेला रेशमी मुकटा मात्र शुद्ध! त्या काळी नवरा मेला की बाईचे केस काढत, मग ती दहा-बारा वर्षांची पोर का असेना. ह्यावर त्यांनी कडक लिहिले. बायकांनी जाकीट घालावे असाही लेख लिहिला. ज्यांनी स्वतः एका सदऱ्यावर दिवस काढले, ते बायकांसाठी जादा कपडा मागत होते! म्हणजे कमीत राहणं एवढंच काही त्यांना सांगायचं नव्हतं. जे लागतं ते माणसाला मिळालं पाहिजे, आणि रीत आडवी येत असेल तर रीत बाजूला सरली पाहिजे.

लोक चिडले. पुण्यात त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली आणि ती त्यांच्या घरावरून नेली. आपली तिरडी आपणच बघायची! तरी ते लिहीत राहिले.

केस काढण्याची चाल गेली. पण आमच्या आळीतल्या एका काकूंना काका वारल्यापासून हळदीकुंकवाला कुणी बोलावत नाही. लग्नात पुऱ्या लाटायला मात्र त्याच पहिल्या लागतात. मी आईला कारण विचारलं तर ती म्हणाली, रीत आहे. मग मी तिला हेरवाडचं सांगितलं. शिरोळ तालुक्यातल्या त्या गावाने २०२२ साली ठराव करून बांगड्या फोडणे, कुंकू पुसणे बंद केले, आणि मग सरकारनेही सगळ्या ग्रामपंचायतींना तसे करायला सांगितले. आई काहीच बोलली नाही. पण रागावलीही नाही. संक्रांतीला अजून वेळ आहे.

१८९२ मध्ये आगरकर फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने ते फार थकले होते. १७ जून १८९५ रोजी वयाच्या ३९ व्या वर्षी ते गेले. त्यांच्या उशाशी एक पुडी सापडली असे सांगतात. स्वतःच्या अंत्यविधीला लागतील तेवढेच पैसे त्यांनी त्यात बांधून ठेवले होते.