जॉर्ज मॅलरी : बर्फाचा धडा शिकलेले शिक्षक



आपल्या मेहकरच्या मुलांनी बर्फ पाहिला तो गारपिटीत, नाहीतर गोळ्याच्या गाडीवर. पण हीच मुलं उद्या सैन्यात जातील, सुट्टीत मनालीला ट्रेकिंगला जातील. ३ फेब्रुवारी २०१६ रोजी सियाचीनमध्ये हिमस्खलन झालं आणि दहा जवान गेले. त्यांत एक आपल्या सातारा जिल्ह्यातला होता. म्हणून हा विषय आपल्यापासून वाटतो तेवढा लांब नाही. तो मुलांना सांगायला जॉर्ज मॅलरी यांचं चरित्र घ्या.

मॅलरी यांचा जन्म १८ जून १८८६ रोजी इंग्लंडमध्ये, एका धर्मगुरूच्या घरी झाला. शाळेत असताना आयर्विंग नावाच्या शिक्षकांनी त्यांना आल्प्स पर्वतात नेलं आणि गिर्यारोहणाची गोडी लावली. केंब्रिजला इतिहास शिकून १९१० पासून ते स्वतः चार्टरहाउस शाळेत शिक्षक झाले. पहिल्या महायुद्धात तोफखान्यात लढले. १९२१ साली एव्हरेस्टची वाट शोधणाऱ्या पहिल्या मोहिमेत त्यांची निवड झाली.

पुढच्याच वर्षी, मे १९२२ मध्ये, मॅलरी, नॉर्टन आणि सॉमरवेल हे नळकांड्यातल्या ऑक्सिजनशिवाय सुमारे ८,२०० मीटरपर्यंत पोचले. तोवर एवढ्या उंचीवर कोणीच चढून गेलं नव्हतं. जूनमध्ये पुन्हा प्रयत्न करायचं ठरलं. पावसाळा तोंडावर आला होता आणि नुकताच भरपूर बर्फ पडला होता. तरी ७ जूनला मॅलरी, सॉमरवेल, क्रॉफर्ड आणि चौदा हमाल नॉर्थ कोलच्या उतारावर चढू लागले. खालचा एक चढ त्यांनी तपासून पाहिला. तिथला बर्फ घट्ट वाटला, म्हणून पुढचाही तसाच असेल असं धरलं. दुपारी दीडच्या सुमारास स्फोटासारखा आवाज झाला आणि उतार सरकला. मॅलरी वाचले, पण खालच्या दोन दोरांवरचे नऊ हमाल बर्फाच्या कड्यावरून फेकले गेले. दोघांना जिवंत उकरून काढलं. सात जण गेले.

असं का होतं, हे मुलांना घरच्या उदाहरणानं सांगा. उतरत्या टिनावर एकावर एक गोधड्या अंथरल्या, तर जरा धक्का लागताच वरची अख्खी गोधडी सरकते. डोंगरावर बर्फ असाच थरांत साचतो. नवा थर जुन्याला नीट चिकटलेला नसतो आणि माणसाचं वजनही त्याला पुरतं. साधारण ३० ते ४५ अंशांच्या उतारावर हा धोका सगळ्यात जास्त असतो.

या मृत्यूंसाठी मॅलरी यांनी स्वतःला जबाबदार धरलं. पण त्यांच्या चरित्राचा खरा धडा पुढे आहे. मे १९२४ मध्ये त्याच उतारावरच्या छावणीत चार हमाल अडकले. वर जायचं म्हणजे पुन्हा तसाच धोका. शिखराचा प्रयत्न बाजूला ठेवून नॉर्टन, सॉमरवेल आणि मॅलरी वर गेले. सॉमरवेल दोर बांधून सगळ्यात धोक्याच्या पट्ट्यावर पुढे झाले. चौघांनाही सुखरूप खाली आणलं. त्यानंतर ८ जून १९२४ रोजी मॅलरी आणि अर्व्हिन शिखराकडे निघाले ते परतलेच नाहीत. मॅलरी यांचा देह १९९९ मध्ये सापडला. ते शिखरावर पोचले होते का, हे कोडं अजून सुटलेलं नाही.

आज या विषयाचं शास्त्र पुष्कळ पुढे गेलंय. मुलांकडून एवढं पाठ करून घ्या :

१. नवा बर्फ पडल्यावर निदान एक-दोन दिवस उतारावर जाऊ नये. इशारा असेल तर त्याहून जास्त थांबावं.
२. स्थानिक माणसाचा आणि सरकारी इशाऱ्याचा शब्द मोडू नये.
३. धोक्याचा उतार एकेकानं ओलांडावा. बाकीच्यांनी सुरक्षित जागेवरून लक्ष ठेवावं.
४. प्रत्येकाजवळ संदेश देणारं यंत्र, लांब काठी आणि फावडं असावं. गाडलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत काढलं तरच वाचण्याची आशा जास्त असते, म्हणून सोबत्यांनीच लगेच शोधायला लागावं.

आणि वर्गात एक प्रश्न नक्की विचारा : सगळी तयारी झाली आहे, शिखर समोर दिसतंय, पण रात्रभर बर्फ पडलाय, तर तुम्ही काय कराल? थांबू म्हणणाऱ्या मुलाला कोणी भित्रा म्हणू नये. ७ जून १९२२ ला त्या उतारावर कोणी थांबलं असतं, तर सात घरांतली माणसं परत गेली असती.