राजा दीनदयाळ : दोन पिढ्यांनी टिपलेला भारत

भारतीय छायाचित्रणाच्या आरंभकाळातील अग्रणी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या स्टुडिओतील २,८५७ काचेच्या निगेटिव्ह १९८९ मध्ये नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्राच्या संग्रहात दाखल झाल्या. या ठेव्यातील निवडक छायाचित्रांचे प्रदर्शन केंद्राने २०१० मध्ये भरवले. २०१३ मध्ये कॅनडातील टोरांटो येथील रॉयल ऑन्टारियो संग्रहालयातही दीनदयाळ यांच्या छायाचित्रांचे प्रदर्शन झाले. दोन्ही ठिकाणी भिंतीवर नाव एकाच व्यक्तीचे होते. त्या नावामागे मात्र पिता आणि दोन पुत्र अशा दोन पिढ्यांचे श्रम उभे आहेत.

दीनदयाळ यांचा जन्म १८४४ मध्ये मेरठजवळील सरधना येथे एका जैन कुटुंबात झाला. रुरकीच्या थॉमसन अभियांत्रिकी महाविद्यालयात शिक्षण घेतल्यानंतर १८६६ मध्ये ते इंदूर येथे सार्वजनिक बांधकाम खात्यात रुजू झाले. आराखडे काढणे आणि खर्चाचे अंदाज बांधणे हे त्यांचे काम होते. १८७४ च्या सुमारास ते छायाचित्रणाकडे वळले. इंदूरचे महाराजा तुकोजीराव होळकर (दुसरे) आणि मध्य भारतातील ब्रिटिश अधिकारी सर हेन्री डॅली यांनी त्यांना प्रोत्साहन दिले.

त्या काळी निसर्गदृश्य टिपणे हे कष्टाचे काम होते. काचेवर कोलोडियनचा लेप देऊन ती सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात बुडवायची, ओली असतानाच कॅमेऱ्यात बसवायची आणि सुकण्यापूर्वी अंधाऱ्या तंबूत तिच्यावरील प्रतिमा प्रकट करायची, अशी ती पद्धत होती. त्यामुळे रसायने, काचा आणि तंबू हे सारे सामान गड, लेणी व मंदिरांपर्यंत वाहून न्यावे लागे.

१८८२-८३ मध्ये सर लेपेल ग्रिफिन यांच्या बुंदेलखंड दौऱ्यात दीनदयाळ सहभागी झाले. ग्वाल्हेर, खजुराहो, ओरछा, दतिया आणि सांची येथील वास्तूंची त्यांची छायाचित्रे १८८६ मध्ये ग्रिफिन यांच्या ग्रंथात प्रसिद्ध झाली. या चित्रांत आराखडे काढणाऱ्या अभियंत्याची दृष्टी जाणवते. वास्तू तिच्या परिसरापासून तोडलेली नसते. खडक, पाणी, झाडे आणि मोकळी जागा यांच्यासह ती उभी राहते. चौकटीतील एखाददुसरा माणूस तिच्या भव्यतेचे माप देतो.

पुढे सरकारी नोकरी सोडून दीनदयाळ यांनी सिकंदराबाद येथे बस्तान बसवले. हैदराबादचे सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार झाले आणि १८९४ मध्ये निजामांनी त्यांना राजा बहादूर मुसव्विर जंग हा किताब दिला. वेरूळची लेणी आणि दौलताबादचा किल्ला त्या वेळी निजामाच्या राज्यात होता. त्यामुळे मराठवाड्याचा भूभागही त्यांच्या संग्रहात आला. १८९२ मध्ये हैदराबादेत पडदानशीन स्त्रियांसाठी स्वतंत्र स्टुडिओ सुरू झाला. त्याची जबाबदारी एका इंग्रज महिलेकडे होती. १८९६ मध्ये मुंबईतही शाखा उघडली.

ज्ञानचंद आणि धर्मचंद हे दोन्ही पुत्र या व्यवसायात उतरले आणि स्टुडिओ ‘राजा दीनदयाळ अँड सन्स’ या नावाने ओळखला जाऊ लागला. त्याच नावाच्या शिक्क्याखाली १८९९-१९०० च्या दुष्काळातील औरंगाबाद जिल्ह्याची छायाचित्रेही आहेत. ज्या मुलखातील लेण्यांचे वैभव या स्टुडिओने टिपले होते, त्याच मुलखातील उपासमारीने अस्थिपंजर झालेली माणसे आता त्याच्या कॅमेऱ्यासमोर उभी होती. दरबारी छायाचित्रकाराच्या संग्रहातील ही चित्रे आज इतिहासाची कठोर साक्ष ठरली आहेत.

१९०४ मध्ये धर्मचंद यांचे निधन झाले आणि पुढच्याच वर्षी, १९०५ मध्ये, दीनदयाळ यांनीही मुंबईत जगाचा निरोप घेतला. त्यानंतर स्टुडिओची धुरा ज्ञानचंद यांच्यावर आली. भारतीय टपाल खात्याने २००६ मध्ये राजा दीनदयाळ यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.

स्टुडिओच्या शिक्क्यामुळे कोणते दृश्य पित्याने टिपले आणि कोणते पुत्रांनी, हे केवळ चित्रावरून सांगता येत नाही. दीनदयाळ यांची कीर्ती त्यामुळे उणावत नाही. मात्र ती सांगताना ज्ञानचंद आणि धर्मचंद यांची नावेही घेतली जाणे, हे त्या काचांचे देणे आहे.