हाताला काम, कामाला दाम : अहिल्याबाई होळकर

अहिल्याबाई होळकर म्हटलं की आपल्याला देवळं आणि घाट आठवतात. काशी, गया, सोमनाथ ही यादी आपण शाळेपासून पाठ करत आलोय. मला त्यांची वेगळी ओळख झाली ती उज्जैनच्या राम घाटावर, आणि तीही एका साडीच्या काठामुळे.

मंडळाच्या सहलीत आम्ही क्षिप्रेच्या आरतीला थांबलो होतो. घाटाजवळच्या एका दुकानात भैरवगडच्या छपाईच्या चादरी, ओढण्या आणि दोन-तीन माहेश्वरी साड्या होत्या. आमच्यातल्या एकीने साडीची किंमत निम्म्याने पाडून मागितली. दुकानदार काका रागावले नाहीत. त्यांनी साडी उलगडली आणि काठावर बोट ठेवून सांगितलं की ही नक्षी महेश्वरच्या किल्ल्याच्या दगडावरून आलीये, आणि हिच्यापाठी एका विणकराच्या घरातले कित्येक दिवस आहेत. घासाघीस तिथेच थांबली. परत आल्यावर मी अहिल्याबाईंचं चरित्र पुन्हा वाचायला घेतलं, या वेळी तो काठ शोधत.

अहिल्याबाईंचा जन्म 31 मे 1725 चा, नगर जिल्ह्यातल्या चौंडीचा. वडील माणकोजी शिंदे गावचे पाटील. मुलींना शिकवायची रीत नव्हती त्या काळात त्यांनी लेकीला लिहा-वाचायला शिकवलं. आठव्या वर्षी, 1733 मध्ये, मल्हारराव होळकरांचे चिरंजीव खंडेराव यांच्याशी तिचं लग्न झालं. 1754 मध्ये कुंभेरच्या वेढ्यात खंडेराव मारले गेले, तेव्हा अहिल्याबाई 28 वर्षांच्या होत्या. त्या सती जायला निघाल्या, पण सासऱ्यांनी थांबवलं. पुढे मल्हाररावांनी सुनेला हिशेब, पत्रव्यवहार, तोफखान्याची सरबराई असं सगळं शिकवून तयार केलं. 1766 मध्ये तेही गेले आणि पुढच्याच वर्षी मुलगा मालेराव गेला.

बाईमाणूस एकटी उरलीये, दौलत घ्यायला हीच वेळ, असं काहींना वाटलं. राघोबादादा फौज घेऊन क्षिप्रेच्या काठी, उज्जैनजवळ येऊन ठेपले. पलीकडे तुकोजी होळकर तयारीत होते. अहिल्याबाईंनी दादांना निरोप धाडला : तुम्ही जिंकलात तर एका विधवेला हरवल्याचा मोठेपणा काय, आणि हरलात तर तोंड कुठे दाखवाल, अशा अर्थाचा. दादा मग दुखवट्याला आलोय म्हणाले आणि लढाईशिवाय प्रकरण मिटलं. आपण आरतीला उभे राहतो तीच ही नदी, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं.

फौज तुकोजींकडे सोपवून अहिल्याबाईंनी नर्मदाकाठचं महेश्वर ही राजधानी केली. आता प्रश्न असा, की राजधानी नुसत्या किल्ल्याने होत नाही. तिथे माणसं राहायला हवीत, त्यांच्या चुली पेटायला हव्यात. परंपरा सांगते की त्यांनी सुरतेहून आणि माळव्यातल्या गावांतून विणकर आणवले, त्यांना महेश्वरात वसवलं. हातमागावर नऊवारी लुगडी आणि पागोट्याचं कापड निघू लागलं. दरबारात येणाऱ्या पाहुण्याला आहेर करायचा तर तो याच कापडाचा. म्हणजे बघा, विणकराला जागा मिळाली आणि हक्काचं गिऱ्हाईकही मिळालं. पाहुणे आपापल्या गावी ते कापड नेत, त्यातून महेश्वरचं नाव पसरे. जाहिरातीचा खर्च शून्य!

काठाच्या नक्षीची नावंही गोड आहेत : चटई, वीट, हिरा, चमेली, आणि नर्मदेवरची लहर. साडी दोन्ही बाजूंनी नेसता यावी असा उलटसुलट सारखा काठही इथे विणतात, त्याला बुगडी म्हणतात.

हीच दृष्टी त्यांच्या दुसऱ्या कामांतही दिसते. डोंगरातले भिल्ल वाटसरूंना लुटत. अहिल्याबाईंनी आधी कडक बंदोबस्त केला, आणि मग त्यांच्या मुलखातून जाणाऱ्या मालावर एक छोटी ठरलेली पट्टी घ्यायचा हक्क त्यांनाच दिला. बदल्यात वाटेचं रक्षण त्यांनी करायचं. तिला भिलकवडी म्हणत. लुटणाऱ्याच्या हाताला काम मिळालं की वाट आपोआप सुरक्षित होते, हा साधा हिशेब होता. देवळं-घाटांचा खर्च त्या आपल्या खासगीतून करत. रयतेचा पैसा रयतेसाठी राहिला.

घरचं दुःख मात्र संपलं नाही. नातू गेला, जावई गेले, आणि 1791 मध्ये लेक मुक्ताबाई आईच्या विनवण्या न ऐकता सती गेली. 13 ऑगस्ट 1795 रोजी अहिल्याबाईंनी देह ठेवला. पुढे जॉन माल्कम या ब्रिटिश अधिकाऱ्याने माळव्यात फिरून लोकांकडून त्यांच्या आठवणी गोळा केल्या, आणि 1823 च्या आपल्या ग्रंथात त्यांच्याविषयी मोठ्या आदराने लिहिलं.

त्यांचे माग मात्र पुढे अडचणीत आले. गिरणीचं स्वस्त कापड आलं, मग संस्थानं गेली, आहेर घेणारा दरबार उरला नाही. कसब तेच होतं, नक्षी तीच होती. नव्हतं ते गिऱ्हाईक. विणकर माग सोडून मजुरीला लागले. 1970 च्या दशकाच्या अखेरीस होळकर घराण्यातले रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेहवा सोसायटी सुरू केली. तिथे बायका मागावर बसल्या, कापड दिल्ली-मुंबईला आणि परदेशात जाऊ लागलं, आणि नफ्यातून विणकरांची घरं, मुलांची शाळा, औषधपाणी उभं राहिलं. आज महेश्वरात मागाचा खटखटाट हिंदू घरांतून येतो तसा मुसलमान घरांतूनही येतो.

जगात याला फेअर ट्रेड म्हणतात, म्हणजे न्याय्य दराचा व्यापार. 1946 मध्ये एडना रूथ बायलर या अमेरिकन मेनोनाइट बाईंनी पोर्तो रिकोतल्या गरीब बायकांचं भरतकाम आपल्या ओळखीपाळखीत विकायला सुरुवात केली. त्यातून पुढे टेन थाउजंड व्हिलेजेस ही मोठी संस्था झाली. महेश्वर आणि पोर्तो रिको यांच्यात दीडेकशे वर्षं आणि दोन समुद्रांचं अंतर, तरी गोष्ट एकच : करणाऱ्या हाताला त्याच्या मालाचं गिऱ्हाईक गाठून द्यायचं.

मला वाटतं, अहिल्याबाईंचं हे काम देवळांइतकंच मोठं आहे, आणि ते जपणं आपल्या आवाक्यातलंही आहे. देऊळ बांधायची आपली ऐपत नाही. पण वर्षातून एखादी ओढणी, एखादी पिशवी तर आपण घेतोच ना? ती हातमागाची घ्यावी. हे कुणी विणलं, त्याला यातले किती मिळतात, एवढं दुकानात विचारावं. उत्तर पटलं, तर सांगितलेली किंमत मोजावी. त्या पैशावर एक माग आणखी काही दिवस चालतो.