निःस्पृह प्रशासक चिंतामणराव देशमुख

वैनगंगेच्या खोऱ्यातील भंडारा हा तलावांचा आणि भातशेतीचा जिल्हा. आज तो महाराष्ट्रात आहे. परंतु स्वातंत्र्यापूर्वी तो मध्यप्रांत व वऱ्हाड या प्रांतात मोडत असे. नागपूर ही त्या प्रांताची राजधानी. शेतसारा किती असावा, रस्त्यांसाठी आणि शाळांसाठी किती पैसा द्यावा, यांविषयीचे हुकूम नागपूरच्या सचिवालयातून निघत. भंडाऱ्याच्या शेतकऱ्याला जिल्ह्याचे डेप्युटी कमिशनर एखाद्या वेळी दिसत. सचिवालयात बसून हिशेब मांडणारे सचिव मात्र त्याच्या दृष्टीस कधीच पडत नसत. तरीही त्याचे सुखदुःख पुष्कळ अंशी त्यांच्या न्यायबुद्धीवर अवलंबून असे. याच प्रांतात चिंतामण द्वारकानाथ देशमुख यांनी सुमारे वीस वर्षे सेवा केली.

चिंतामणरावांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी रायगडाच्या परिसरातील नाते या गावी झाला. त्यांचे वडील वकील होते. १९१२ साली मॅट्रिकच्या परीक्षेत ते पहिले आले आणि संस्कृतसाठी असलेली जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनी मिळवली. पुढे केंब्रिज येथे त्यांनी शास्त्रविषयांचा अभ्यास केला व वनस्पतिशास्त्राचे पारितोषिक पटकावले. १९१८ मध्ये आय. सी. एस. ची परीक्षा त्यांनी दिली. त्या काळी ती लंडनलाच होत असे. तिच्यातही त्यांनी पहिला क्रमांक मिळवला.

मध्यप्रांतात त्यांनी डेप्युटी कमिशनर, जमाबंदी अधिकारी आणि अर्थखात्याचे सचिव अशी नाना पदे सांभाळली. जमाबंदीचे काम मोठे जोखमीचे. जमिनीची मोजणी करावयाची, तिचा कस ठरवावयाचा आणि त्यावरून पुढील अनेक वर्षांचा सारा बांधून द्यावयाचा. अधिकाऱ्याची लेखणी जरा चुकली, तर एखादे कुटुंब वर्षानुवर्षे जास्तीचा भार वाहील. सत्ता परक्यांची होती आणि कित्येक देशबांधव त्याच काळात तुरुंगवास भोगत होते. अशा वेळी सरकारी सेवेत राहणे ही मनाची कसोटीच होय. परंतु राज्य कोणाचेही असो, हिशेब चोख ठेवणारा आणि निर्णय न्यायाने करणारा माणूस प्रजेला हवाच असतो. या सेवेत मिळवलेला अनुभव पुढे स्वतंत्र भारताच्या उपयोगी पडला.

१९३९ साली ते रिझर्व्ह बँकेत गेले आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी तिचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले. महायुद्धाचे दिवस होते. महागाईने लोक त्रासले होते. १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्स येथे ४४ राष्ट्रांची परिषद भरली. आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांचा पाया तेथे घातला गेला. त्या परिषदेतील भारताच्या प्रतिनिधींमध्ये चिंतामणराव होते. १९४७ मध्ये देशाची फाळणी झाली. तरीही ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँक भारत आणि पाकिस्तान या दोन्ही देशांचे काम पाहत होती. वातावरण द्वेषाने पेटलेले असताना दोन देशांचे हिशेब सांभाळणे किती अवघड असेल!

१९५० मध्ये ते भारताचे अर्थमंत्री झाले. अधिकारी आणि मंत्री यांच्या कर्तव्यांत एक भेद असतो. अधिकाऱ्याने निर्भयपणे सल्ला द्यावा. पण निर्णय झाला, की तो प्रामाणिकपणे अमलात आणावा. मंत्र्याला मात्र निर्णयाबद्दल जनतेला उत्तर द्यावे लागते. ही वेळ चिंतामणरावांवर १९५६ साली आली. मुंबई शहर महाराष्ट्रापासून अलग करून केंद्राच्या ताब्यात ठेवण्याचे सरकारने ठरवले. मंत्रिमंडळात पुरेसा विचारविनिमय न होता हे ठरले, अशी त्यांची तक्रार होती. मुंबईत गोळीबार होऊन अनेक माणसे मृत्युमुखी पडली, तरी न्यायालयीन चौकशी झाली नाही, हेही त्यांना मान्य नव्हते. त्यांनी अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला आणि त्याची कारणे लोकसभेत स्पष्ट शब्दांत सांगितली.

त्याच वर्षी १ नोव्हेंबरला भंडारा जिल्हा विदर्भासह द्वैभाषिक मुंबई राज्यात आला आणि १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र राज्य जन्मास आले.

पद गेले, तरी चिंतामणरावांचे कार्य थांबले नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष आणि दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू म्हणून त्यांनी शिक्षणाची सेवा केली. अधिकाऱ्यांना व्यवस्थापनाचे शिक्षण देणाऱ्या हैदराबाद येथील संस्थेचेही ते अनेक वर्षे प्रमुख होते. शासकीय सेवेबद्दल १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आकड्यांच्या जगात वावरूनही त्यांचे संस्कृतप्रेम अखंड टिकले. कालिदासाचे मेघदूत त्यांनी मराठीत आणले. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबाद येथे त्यांचे निधन झाले.

सचिवाचे नाव गावोगावी कोणी घेत नाही. परंतु त्याच्या लेखणीचा परिणाम प्रत्येक घराच्या उंबरठ्यापर्यंत पोहोचतो. म्हणूनच ती लेखणी बुद्धिमान हातात असून भागत नाही. तो हात निःस्पृहही असावा लागतो. अधिकार हाती असताना तो न्यायाने वापरणारे आणि मनाला पटेनासे झाले तेव्हा तो सहज सोडून देणारे चिंतामणराव म्हणूनच आदरास पात्र ठरले.