ज्यूलिया प्लॅट

अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मॉन्टेरी उपसागराच्या काठी, पॅसिफिक ग्रोव्ह नावाचे लहान शहर आहे. तेथील समुद्रात केल्प नावाचे शेवाळ वाढते. हे आपल्या विहिरीतले बुळबुळीत शेवाळ नव्हे. ते खडकाला घट्ट धरून तीस मीटरपर्यंत उंच होते. पाण्याखाली जणू जंगलच उभे राहते! मासे, खेकडे, शंख या जंगलात राहतात.

या जंगलाला आधार देणाऱ्या ज्यूलिया प्लॅट यांचा जन्म १८५७ साली सॅन फ्रान्सिस्को येथे झाला. त्यांना प्राणिशास्त्राची फार आवड होती. त्या जर्मनीला गेल्या आणि १८९८ साली फ्रायबर्ग विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. गर्भात डोक्यातील कूर्चा कशापासून तयार होते, याविषयी त्यांनी मांडलेले मत विद्वानांनी तेव्हा मानले नाही. पुढे तेच खरे ठरले. एवढ्या विदुषीला विद्यापीठात नोकरी मात्र मिळाली नाही. ती स्त्री होती, हेच त्याचे मोठे कारण!

मग त्या पॅसिफिक ग्रोव्हला येऊन राहिल्या आणि शहराच्या कामात पडल्या. एकदा एकाने किनाऱ्याकडे जाणारी वाट फाटक लावून बंद केली. किनारा सर्वांचा आहे, असे ज्यूलियाबाईंचे म्हणणे. त्यांनी सरळ कुऱ्हाड घेतली आणि फाटक फोडले!

१९३१ साली त्या शहराच्या महापौर झाल्या. तेव्हा त्यांनी सत्तरी ओलांडली होती. शेजारच्या किनाऱ्यावर मासे डब्यात भरण्याचे कारखाने होते. त्यांची घाण समुद्रात जाई. कारखाने बंद करणे त्यांच्या हाती नव्हते. म्हणून १९३२ साली त्यांनी शहरासमोरचा थोडा समुद्र तरी राखीव करवून घेतला. १९३५ साली त्या वारल्या. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांचा देह समुद्रातच सोडण्यात आला.

केल्पचा मोठा शत्रू म्हणजे सी अर्चिन. हा काटेरी, चेंडूसारखा प्राणी केल्प कुरतडतो. त्याला खाणारी समुद्री पाणमांजरे शिकाऱ्यांनी कातड्यासाठी जवळजवळ संपवली होती. १९६० नंतरच्या काही वर्षांत ती मॉन्टेरीला परतली. राखीव समुद्रात त्यांना भरपूर खाद्य मिळाले. अर्चिन कमी झाले आणि केल्प पुन्हा दाट झाले. ज्यूलियाबाईंना हे पाहायला मिळाले नाही.

२०१३ साली अर्चिन खाणारे तारामासे रोगाने मेले. नंतर समुद्रही तापला. अर्चिन पुन्हा माजले आणि उत्तर कॅलिफोर्नियातील बहुतेक केल्प नष्ट झाले. मॉन्टेरीतही नुकसान झाले. पण जेथे पाणमांजरे अर्चिन खात होती, तेथे केल्पचे तुकडे टिकून राहिले.