घासलेला टायर, म्हातारं रबर आणि कर्जात मेलेला चार्ल्स गुडइयर

पावसाळा तोंडावर आला की बेळगावहून चोर्ला किंवा आंबोली घाटाने खाली उतरणारे वाहनचालक ब्रेक बघून घेतात, वायपर बदलतात. टायरला मात्र एक लाथ मारून बघितली की झालं. खाचा दिसतात ना, मग चालतंय की! पण खाचा शाबूत असूनही आतलं रबर म्हातारं झालेलं असू शकतं. रबर नुसतं घासून नाही, तर ऊन, थंडी आणि काळ यांनीही बिघडतं. या बिघडणाऱ्या रबराला काबूत आणण्यासाठी एका माणसाने घरदार पणाला लावलं. त्याचं आडनाव आज कितीतरी टायरांवर छापलेलं असतं. तो चार्ल्स गुडइयर.

गुडइयरचा जन्म 29 डिसेंबर 1800 रोजी अमेरिकेतल्या न्यू हेवन गावचा. वडिलांचा लोखंडी सामान आणि बटणांचा धंदा. चार्ल्सने पुढे फिलाडेल्फियात हार्डवेअरचं दुकान टाकलं. सुरुवातीला बरं चाललं, पण उधारी अंगावर आली आणि 1830 च्या सुमारास दुकान बुडालं. त्या काळी कर्ज फेडता आलं नाही तर थेट तुरुंगात जावं लागे. चार्ल्सलाही जावं लागलं आणि पुढे अशा वाऱ्या नेहमीच्याच झाल्या.

1834 मध्ये न्यूयॉर्कच्या एका रबर कंपनीच्या दुकानात तो हवेच्या झडपेची सुधारित कल्पना घेऊन गेला. तिथे त्याला कळलं की अडचण झडपेची नाहीच, रबराचीच आहे. कच्चं रबर उन्हाळ्यात पाघळून चिकट होई आणि थंडीत काचेसारखं तडकून जाई. रबरी मालाचे गठ्ठेच्या गठ्ठे खराब होऊन परत येत होते. कारखाने बुडण्याच्या बेतात होते. हे कोडं आपणच सोडवायचं, असं चार्ल्सने मनावर घेतलं.

रसायनशास्त्र तो शिकलेला नव्हता. पहिले प्रयोग त्याने कर्जापायी तुरुंगात असतानाच केले, बायको क्लॅरिसाचं लाटणं मागवून घेऊन. कधी रबरात मॅग्नेशिया मिसळला, कधी चुना. नायट्रिक आम्लाने वरचा चिकटपणा गेला, तेव्हा वाटलं की जिंकलो. सरकारकडून टपालाच्या 150 पिशव्यांची ऑर्डरही मिळाली. पिशव्या तयार करून उबदार खोलीत टांगल्या आणि तो काही दिवस बाहेरगावी गेला. परत येऊन बघतो तर पिशव्या वितळून खाली आलेल्या. रबर फक्त वरून सुधारलं होतं, आत जसंच्या तसं होतं.

पुढे नॅथॅनियल हेवर्ड याच्याकडून त्याने रबरात गंधक मिसळायची पद्धत घेतली. 1839 च्या थंडीत वोबर्न गावात गंधक घातलेला रबराचा तुकडा तापलेल्या शेगडीला लागला, असं सांगतात. तो वितळला नाही. कडेने करपला आणि मध्ये चामड्यासारखा लवचिक राहिला. लोक याला योगायोग म्हणतात. पण पाच वर्षं रबराच्याच मागे लागलेला माणूस समोर होता, म्हणून त्या करपलेल्या तुकड्याचं मोल कळलं.

तरीही उष्णता किती आणि किती तास द्यायची, हे बसवायला अजून काही वर्षं गेली. दरम्यान घरातलं सामान विकलं गेलं, मुलांची शाळेची पुस्तकंसुद्धा विकली गेली. बारा मुलांपैकी निम्मी लहानपणीच दगावली. 15 जून 1844 रोजी अमेरिकेत पेटंट मिळालं. इंग्लंडमध्ये मात्र थॉमस हॅनकॉक याने आधीच अर्ज केला होता. गुडइयरच्या रबराचे नमुने त्याच्या हातात पडले होते. तिथला खटला गुडइयर हरला. या प्रक्रियेला रोमन अग्निदेव व्हल्कन याच्यावरून व्हल्कनायझेशन हे नाव पडलं. आपल्याकडे पंक्चरच्या दुकानांच्या पाट्यांवर व्हल्कनायझिंग असं लिहिलेलं असतं, ते यातूनच आलं.

मायदेशातला मोठा खटला त्याने 1852 मध्ये जिंकला. पण हातात आलेला पैसा वकील, प्रयोग आणि लंडन-पॅरिसच्या प्रदर्शनांत गेला. 1855 मध्ये पॅरिसला तो कर्जापायी पुन्हा कोठडीत होता. फ्रान्सच्या सम्राटाने दिलेलं सन्मानपदक त्याला तिथेच मिळालं. 1860 मध्ये मुलगी अत्यवस्थ असल्याचं कळून तो निघाला. न्यूयॉर्कला पोहोचला तेव्हा ती गेल्याची बातमी आली. तो कोसळला आणि 1 जुलैला तिथेच वारला. मागे राहिलं सुमारे दोन लाख डॉलरचं कर्ज. त्याच्या नावाची टायर कंपनी 1898 मध्ये दुसऱ्याच लोकांनी ॲक्रन शहरात काढली. गुडइयर घराण्याचा तिच्याशी संबंध नव्हता. मोटारीचा टायर त्याने कधी पाहिलाच नाही.

त्याच्या शोधाचं मर्म असं की उष्णता दिल्यावर गंधक रबराच्या लांब साखळ्या एकमेकींना बांधून टाकतं. म्हणून टायर उन्हात पाघळत नाही. पण ऊन, हवा आणि धावताना होणारी उष्णता यांमुळे रबर हळूहळू कडक होत जातं आणि बारीक चिरा पडतात. गुडइयरने रबराचं आयुष्य वाढवलं, त्याला अमर केलं नाही.

म्हणून टायर बघताना दोन गोष्टी बघाव्यात. पहिली, झीज. खाचांच्या तळाशी छोटे उंचवटे असतात. वरचं रबर झिजून त्यांच्या बरोबरीला आलं की खोली 1.6 मिलिमीटरवर आली, म्हणजे कारसाठी कायद्याची मर्यादा संपली. ओल्या घाटरस्त्यासाठी 3 मिलिमीटरलाच बदललेला बरा, कारण उथळ खाचा पाणी बाहेर टाकू शकत नाहीत. फक्त मधेच घासला असेल तर हवा जास्त, दोन्ही कडांना घासला असेल तर हवा कमी आणि एकाच बाजूला घासला असेल तर अलाइनमेंट बिघडलेली असू शकते.

दुसरी, वय. टायरच्या बाजूला डीओटी अक्षरांच्या ओळीत शेवटी चार आकडे असतात. 2319 असेल तर तो 2019 सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. पाच-सहा वर्षांनंतर दरवर्षी जाणकाराला दाखवावा आणि दहा वर्षांनंतर खाचा कितीही असल्या तरी काढून टाकावा. बाजूला फुगा आला असेल किंवा खोल चीर पडली असेल तर लगेच बदलावा. डिकीतली स्टेपनीही तपासावी. ती धावत नाही, पण तिचंही वय वाढतच असतं.